जॅकचे सौदे: ॲपलाचियन डोंगरातल्या फसवाफसवीच्या आणि अदलाबदलीच्या गोष्टींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या गोष्टी मुलांना सांगणारे आईबाबा, आजीआजोबा, शिक्षक आणि ग्रंथपाल पुन्हा पुन्हा जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत. गोष्टी आधीपासून सांगत असाल तर प्रश्न ५ पासून वाचलं तरी चालेल.

१. या गोष्टी नेमक्या कुठल्या?

अमेरिकेच्या पूर्वेला ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेली ॲपलाचियन डोंगररांग आहे. तिच्या दक्षिण भागात, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीच्या डोंगरपट्ट्यात, या गोष्टी तोंडी चालत आल्या. अठराव्या शतकात उत्तर आयर्लंडमधले स्कॉट वंशाचे लोक, इंग्रज आणि जर्मन इथे येऊन वसले. गोष्टींचे सांगाडे त्यांनी सोबत आणले, अंगावर कपडे मात्र इथलेच चढले: मक्याची शेतं, लाकडी ओंडक्यांची घरं, खेचरं, चुलीच्या राखेत भाजलेली मक्याची भाकर. नॉर्थ कॅरोलायनातल्या बीच माउंटन परिसरातली हिक्स आणि हार्मन ही सोयरीक असलेली घराणी या गोष्टींसाठी सगळ्यात जास्त ओळखली जातात. शेंगांच्या शिरा काढायला किंवा कणसं सोलायला बसलेल्या मुलांचे हात थांबू नयेत म्हणून मोठी माणसं गोष्ट सुरू करत. तिथले लोक स्वतः उच्चार ‘ॲपलॅचा’ असा करतात, आणि ‘ॲपलेशिया’ म्हणणारा बाहेरचा आहे हे त्यांना लगेच कळतं.

२. हा जॅक म्हणजे घेवड्याच्या वेलावर चढणाराच ना?

तोच, पण समुद्र ओलांडून आलेला. वेलाची गोष्ट डोंगरातही आहे, फक्त तिथे वेलाचं झाड होतं. जॅकला विल आणि टॉम नावाचे दोन मोठे भाऊ आहेत. ते कामसू, शहाणे समजले जाणारे आणि चिडके. जॅक धाकटा, आळशी म्हणून हिणवलेला. गोष्टीत राजा असतो, पण तो गावच्या सधन शेतकऱ्यासारखा ओसरीवर बसलेला सापडतो. जॅक फाटकाबाहेरून हाळी देतो, राजा आत बोलावून जेवायला वाढायला सांगतो आणि मग कामाचं बोलणं निघतं. दरबार, सिंहासन, पहारेकरी यांची सवय झालेल्या मुलांना हा राजा फार आवडतो. त्याला मुकुट घालू नका.

३. फसवाफसवीच्या गोष्टींचे प्रकार किती?

अभ्यासकांच्या याद्या लांबलचक आहेत. सांगणाऱ्याला पाच प्रकार पुरतात. पहिला, उतरत्या अदलाबदलीचा: घोड्यापासून निघून उंदरापर्यंत पोचणारा बावळट (प्रश्न ७). दुसरा, भलतंच काही विकण्याचा: भोपळा खेचराचं अंडं म्हणून खपवायचा (प्रश्न ५) किंवा बोलणारं कातडं विकायचं (प्रश्न १३). तिसऱ्यात जॅकची जादूची वस्तू कोणी तरी रात्रीतून बदलून ठेवतं (प्रश्न ९). चौथ्यात जॅक मालकाचा हुकूम शब्दशः पाळून त्याला जेरीला आणतो (प्रश्न १५). पाचव्यात निव्वळ थापेबाजी: आडदांड राक्षसापुढे किडकिडीत जॅक बढाया मारतो आणि राक्षस त्या खऱ्या मानतो (प्रश्न १४). एकाच गोष्टीत दोन प्रकार मिसळलेले असतात, त्यामुळे खाने फार घट्ट करू नका.

४. कोणत्या वयाला कोणती गोष्ट?

चार-पाच वर्षांच्या मुलांना उतरती अदलाबदल, कारण तिला साखळी आहे आणि मुलं पुढचं स्वतः बोलू लागतात. सहा-सातला खेचराचं अंडं. सात-आठला वायव्य वाऱ्याची गोष्ट (प्रश्न ९). ती सावकाश सांगितली तर वीस मिनिटं घेते आणि लहानांची बसायची तयारी तेवढी नसते. न रागावण्याचा करार (प्रश्न १५) आणि बोलणारं कातडं नऊच्या पुढे. मृत्यूला पोत्यात कोंडणाऱ्या सैनिक जॅकची गोष्ट दहाच्या आत सांगू नये असं आमचं मत आहे. तिच्यात भीतीदायक फारसं काही नाही, पण म्हातारी माणसं मरणासाठी ताटकळतात हा तिचा गाभा लहान मुलापर्यंत पोचत नाही आणि उरते ती नुसती पोत्याची गंमत.

५. खेचराच्या अंड्याची गोष्ट कशी सांगायची? माझी दोन मिनिटांत संपते.

दोन मिनिटांत संपते म्हणजे तुम्ही थेट सशापाशी पोचता. गोष्ट ही अशी: शेतीतलं काही न कळणारा एक परका माणूस डोंगरात येतो, मोठाले भोपळे पाहून हे काय म्हणून विचारतो. शेतकरी किंवा दुकानदार सांगतो, खेचराची अंडी. तो एक विकत घेतो. वाटेत अंडं हातातून निसटतं, उतारावरून गडगडत जातं, बुंध्यावर आपटून फुटतं आणि शेजारच्या झुडपातून दचकलेला ससा उडी मारून पळतो. माणूस शिंगरू समजून त्याच्या मागे धावतो.

ती फुलवायची तर चार जागी थांबा. सुरुवातीलाच, अगदी सहज, खेचर म्हणजे काय ते सांगून टाका: आई घोडी, बाप गाढव, कान लांब, आणि खेचराला सहसा पिल्लं होत नाहीत, मग अंडं कुठलं. हे आधी सांगितलं नाही तर शहरातल्या मुलाला सौद्यात गैर काय ते कळतच नाही. मग भाव ठरवा. आम्ही भोपळा दहा सेंट, खरं शिंगरू पन्नास डॉलर आणि ‘अंडं’ पाच डॉलर धरतो. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की आपणच त्याला लुबाडतोय. तिसरं थांबणं विकणाऱ्याच्या सूचनांवर: तीन आठवडे ऊब द्यायची, अंगाखाली ठेवायचं, थंडी लागू द्यायची नाही. सूचना जितक्या गंभीर चेहऱ्याने द्याल तितकं बरं. चौथं थांबणं सशाच्या कानांवर. गोष्ट सशावरच तरते, कारण लांब कान खेचरालाही आहेत. झुडपातून कोल्हा काढलात तर गोष्ट पडेल. शेवटी तो माणूस सशामागे ओरडत धावतो, “थांब रे, मी तुझी आई!” आणि तिथेच गप्प बसायचं.

बिघडतं कुठे? सांगणारा गिऱ्हाइकाला गोष्टभर मूर्ख म्हणत राहतो. एकदाही म्हणू नका, मुलं स्वतःच म्हणतील. काही जुन्या सांगण्यांत हा माणूस आयरिश असतो. ती जात-वंशावरची टवाळी टाकून नुसता ‘शहरातून आलेला’ केला तरी काही बिघडत नाही.

६. मी सगळं नीट सांगते, तरी अदलाबदलीच्या गोष्टीला मुलं हसत नाहीत. का?

बहुतेक वेळा मुलांना भाव माहीत नसतो. या गोष्टींतला विनोद भावात आहे, चेहरे करण्यात किंवा आवाज काढण्यात नाही. गायीच्या बदल्यात कोंबडी घेतली, एवढं ऐकून फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलाला दोन प्राणी दिसतात, तोटा दिसत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूची किंमत उपयोगात सांगा, एका वाक्यात: गाय म्हणजे घरभर दूध, ताक, लोणी. डुक्कर म्हणजे हिवाळाभराचं मांस. कोंबडी म्हणजे रोजचं एक अंडं, तेही तिची मर्जी असली तर. मांजर म्हणजे, बरं, उंदीर नाहीत. आता प्रत्येक सौद्याला मुलं कपाळावर हात मारतील.

दुसरं कारण घाई. वस्तू ताब्यात आल्यावर जॅकला तिच्यावर खूश होऊ द्या. त्याने दोन पावलं चालून, तिचं कौतुक करून, मग पुढचा माणूस भेटला पाहिजे. त्याचा आनंद खरा वाटला तरच मुलांना हळहळ आणि हसू एकदम येतं.

७. उतरती साखळी किती लांब ठेवायची? क्रम कोणता?

पाच ते सात सौदे. चारपेक्षा कमी झाले तर साखळी जमत नाही, आठ झाले की मुलं पुढचं ओळखून कंटाळतात. अगदी लहानांसाठी चार. डोंगरात हाच माल गाण्यातही आहे: बाप मेला, मुलाला घोडे मिळाले, घोडा देऊन गाय, गाय देऊन वासरू, वासरू देऊन डुक्कर, मग कोंबडी, मांजर, उंदीर. गाणाऱ्यागणिक मधले प्राणी बदलतात. बऱ्याच ठिकाणी शेवटी उंदराच्या शेपटीला आग लागते आणि घरच जळतं.

वस्तू आकाराने आणि किमतीने दोन्ही बाजूंनी घसरत गेल्या पाहिजेत. मध्येच लहान पण महागडी वस्तू आली, समजा चांदीचं घड्याळ, तर उतार तुटतो आणि मुलं गोंधळतात. प्रत्येक सौद्याला जॅककडे एक कारण हवं, आणि ते कारण आधीच्या प्राण्याच्या खोडीतून यावं: घोडा उधळतो म्हणून गाय, गाय दोरीला ओढते म्हणून वासरू. कारण नसलं की जॅक मतिमंद वाटू लागतो आणि हसणं अंगावर येतं.

युरोपातल्या याच जातीच्या काही गोष्टींत घरी आलेल्या नवऱ्याला बायको प्रत्येक सौद्यावर शाबासकी देते आणि त्यामुळे तो शेजाऱ्याशी लावलेली पैज जिंकतो. हा शेवट मुलांना समजावून सांगावा लागतो. शक्य असेल तर टाळा.

८. आपल्याकडच्या शेपूट तुटलेल्या माकडाच्या गोष्टीसारखीच आहे ना ही?

साखळी तीच, उतार उलटा. न्हाव्याकडून वस्तरा मिळवून शेवटी ढोलकं बडवत बसणारं माकड प्रत्येक वेळी समोरच्याकडून झालेल्या नुकसानीची भरपाई मागत वर चढतं. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, म्हणजे आर्ने–थॉम्पसन–उथर यादीत, फायद्याच्या अदलाबदलीला १६५५ हा क्रमांक आहे आणि तोट्याच्या अदलाबदलीला १४१५. दोन्ही लागोपाठ सांगा, आधी माकडाची. माकड ओळखीचं असल्याने मुलांचा कान तयार झालेला असतो आणि जॅक उलट्या दिशेने निघाला हे त्यांना दुसऱ्याच सौद्याला कळतं.

९. वायव्य वाऱ्याच्या गोष्टीत फसवणूक कोण करतं?

जॅक नाही. इथे तोच फसतो, तेही दोनदा. घराच्या फटींतून थंडगार वारा येतो म्हणून जॅक वाऱ्याच्या बिळात टोपी कोंबायला निघतो. वाटेत पांढऱ्या दाढीचा म्हातारा भेटतो, ते खूळ सोडायला लावतो आणि एक टेबलक्लॉथ देतो: पसर म्हटलं की त्यावर जेवण हजर. अट एकच, वाटेतल्या त्या टवाळ पोरांच्या घरी थांबायचं नाही. जॅक थांबतो, फुशारकी मारतो, रात्री टेबलक्लॉथ बदलला जातो. दुसऱ्या खेपेला सोन्याची अंडी देणारा कोंबडा, त्याचंही तेच. तिसऱ्या खेपेला सांगितल्यावर आपोआप बडवणारा दांडका मिळतो, आणि तो बदलायला गेलेली पोरं मार खाऊन सगळं परत करतात.

तीन गोष्टी सांभाळा. हुकमाचे शब्द छोटे आणि तिन्ही खेपांना तेच ठेवा, म्हणजे मुलं सोबत म्हणतात. प्रत्येक खेपेला घरी आईसमोर झालेली फजिती दाखवा. नुसतं ‘चाललं नाही’ म्हणून पुढे गेलात तर चोरी झाल्याचं मुलांच्या लक्षात येत नाही. आणि दांडक्याचा मार मोजून तीन-चार फटक्यांत आटपा. सांगणारे इथे रंगात येतात, पण मुलांना वस्तू परत मिळण्यात जास्त रस असतो.

१०. खरोखर अशी अदलाबदल चालायची का, की गोष्टीपुरतीच?

चालायची, आणि हे माहीत असलं की सांगण्यात वजन येतं. डोंगरात रोकड कमी असायची. दुकानात अंडी, कोंबड्या, रानातून खणलेलं जिनसेंग (एक औषधी मुळी), जनावरांची कातडी देऊन मीठ, कॉफी, साखर नेली जाई. काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, कोर्ट भरण्याच्या दिवशी कामासाठी माणसं गावात येत आणि कोर्टाबाहेर घोडे, खेचरं, कुत्री, बंदुका, चाकू यांचे सौदे होत. केंटकीतल्या माउंट स्टर्लिंगला ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवाराला धरून असा बाजार अजून भरतो.

गोष्टीत उपयोगी पडणाऱ्या दोन रीती आहेत. एक, वरचे पैसे: दोन वस्तूंची किंमत जुळत नसेल तर हलकी वस्तू देणाऱ्याने वर काही द्यायचं. “वर काय देतोस?” हा प्रश्न जॅकच्या तोंडी घाला, चतुर माणूस हलकी वस्तू देऊनही वर पैसे मागतो, यात फार मजा आहे. दुसरी, न बघता केलेला सौदा. दोघंही चाकू मुठीत झाकून समोरासमोर धरतात आणि न दाखवता बदलतात. यात दोघांच्याही हातात मोडकं पातं असण्याची शक्यता दांडगी, आणि तीच गंमत. बदललेली वस्तू कुरकुर करत परत मागणं हलकेपणाचं समजलं जाई. हसणाऱ्यांत सामील व्हायचं आणि पुढचं गिऱ्हाईक शोधायचं.

११. घोड्याच्या सौद्यातल्या खोड्या मुलांना कितपत सांगाव्या?

दात आणि डोळे, एवढ्या दोन पुरेत. घोड्याच्या खालच्या पुढच्या दातांवर लहान काळसर खळगे असतात. मधल्या जोडीचे साधारण सहाव्या वर्षी झिजतात, शेजारच्या जोडीचे सातव्या, कडेच्या जोडीचे आठव्या. त्यानंतर वय सांगणं अंदाजाचं काम. लबाड विक्रेते म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत नवे खळगे कोरत आणि तापल्या लोखंडाने डागून काळे करत. बैलाचे दात पाहून दोन दाती, चार दाती म्हणणाऱ्या आपल्या गावाकडच्या आजोबांना हे लगेच पटेल. फरक एवढाच की बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, घोड्याला असतात.

डोळ्यांचा विनोद डोंगरातच नाही, अमेरिकाभर फिरलेला आहे. विकणारा सांगतो, “चाल उत्तम आहे, पण याचं दिसणं काही खास नाही बघा.” घेणारा घोड्याभोवती फिरून म्हणतो, “मला तर झकास वाटतं,” आणि पैसे मोजतो. घरी नेल्यावर घोडा कुंपणाला धडकतो. परत भांडायला गेल्यावर उत्तर मिळतं, “मी आधीच म्हटलं होतं.” विकणारा एक शब्दही खोटं बोललेला नाही, हे मुलांनी स्वतः शोधू द्या. दहा वर्षांची मुलं यावर बराच वेळ वाद घालतात.

१२. अशा गोष्टींनी मुलं फसवायला शिकणार नाहीत का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. मुलांचं लक्ष युक्तीपेक्षा न्यायावर असतं, त्यामुळे कोण कोणाला फसवतो हे सांगणाऱ्याने पक्कं ठेवलं पाहिजे. जॅककडे ताकद नाही, पैसा नाही; समोर राक्षस, राजा, मोठे भाऊ किंवा हावरट घरमालक आहेत. एक साधी युक्ती आहे: जॅकने विकायला दोनदा नकार द्यावा. “हे कातडं विकायचं नाही.” “नाही म्हणतोय ना.” मग गिऱ्हाईक स्वतः भाव वाढवत जातं आणि त्याची हाव त्याला बुडवते. नकार गाळलात तर जॅक सरळसरळ ठग वाटतो आणि मुलं अस्वस्थ होतात.

अपवाद आहेतच. डॉक्टरच्या मुलीशी लग्न ठरवण्यासाठी जॅक चोऱ्या करून दाखवतो त्या गोष्टीत या नकाराला जागाच नाही. तिथे चोरी ही आव्हान म्हणून आधी जाहीर झालेली असते. ते जाहीर करणं ठळकपणे सांगा.

१३. बोलणाऱ्या कातड्याच्या गोष्टीत माणसं बुडतात. ते बदलू का?

आधी सांगाडा. भावांमुळे जॅकची कालवड मरते. तो कातडं वाळवून, मक्याच्या कणसांची सालं भरून शिवतो आणि ओढत निघतो. रात्री एका घरी आसरा मागतो. तिथली बाई चांगलं जेवण दडवून ठेवते, हे त्याने फटीतून पाहिलेलं असतं. नवरा आल्यावर जॅक कातड्याला मारतो, कान लावून ऐकतो आणि जेवण कुठे आहे ते ‘कातडं सांगतंय’ म्हणतो. नवरा भारी किंमत देऊन कातडं घेतो. घरी परतलेल्या जॅककडे पैसे पाहून भाऊ आपले चांगले घोडे मारून कातडी विकायला नेतात आणि मार खाऊन येतात. मग ते जॅकला पोत्यात घालून नदीकडे नेतात. पोत्यातून जॅक मेंढ्या घेऊन जाणाऱ्या माणसाला स्वर्गाला जायचं आमिष दाखवतो, जागा बदलतो, मेंढ्या घेऊन परततो, आणि भाऊ हावेने स्वतःच नदीत उड्या मारतात.

मेंढपाळाचा यात काही दोष नाही, म्हणून हा भाग नुसता गोड करून भागत नाही. पोत्यात दगड भरले असं केलं तर मेंढ्या कुठून आल्या याचं उत्तर राहत नाही, आणि मुलं नेमकं तेच विचारतात. नऊच्या खालच्या मुलांसाठी गोष्ट भाऊ बाजारातून मार खाऊन येतात तिथे संपवा. ती जागा आपोआप पूर्ण वाटते. घोडे मारण्याऐवजी गोठ्यातली जुनी कातडी उचलून नेतात असं करा. अनेक सांगण्यांत बाईने जेवणासोबत एक पाहुणाही पेटाऱ्यात लपवलेला असतो. तोही गाळा, अनोळखी पोराला वाढायला नको म्हणून जेवण दडवलं एवढं कारण पुरतं. बारा-तेराच्या मुलांना मात्र पूर्ण सांगा.

१४. राक्षस स्वतःचं पोट फाडतो ती जागा कशी सांगायची?

राजा जंगल तोडून नवी जमीन करू पाहतो, राक्षस आड येतात, जॅक त्यांना एकेक करून संपवतो, अशी ती गोष्ट. एका जागी जॅक सदऱ्याखाली पिशवी बांधून सगळं खाणं तिच्यात ओततो, मग सुरीने पिशवी फाडून “आता अजून खातो” म्हणतो आणि राक्षस त्याची नक्कल करतो. सात वर्षांच्या मुलाला हे विनोदी वाटतं, त्याच्या आईला नाही. आधी पिशवी तीनदा दाखवा, म्हणजे युक्ती पक्की बसते, आणि राक्षसाचं एका वाक्यात आटपा.

लहानांसाठी दगड पिळायची जागा त्याहून चांगली. जॅक दुधाने ओथंबलेला चीजचा गोळा पिळतो, राक्षसाला तो दगड वाटतो. प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर बाजारचं दाबलेलं पनीर घेऊ नका, त्यातून थेंब येत नाही. घरी फाडलेलं, कापडात नुसतं लटकवलेलं पनीर लिंबाएवढं घ्या आणि पिळण्याआधी पाच मिनिटं निवळीत ठेवा. खाली ताटली हवीच.

१५. न रागावण्याचा करार म्हणजे काय?

मालक आणि गडी ठरवतात की जो आधी रागावेल त्याला शिक्षा. जुन्या सांगण्यांत पाठीच्या कातड्याच्या पट्ट्या काढायच्या असतात. या गोष्टीत जॅक नावाचे दोघे आहेत. मोठा जॅक हरतो, मग धाकटा जॅक कामाला लागतो आणि प्रत्येक हुकूम शब्दशः पाळून मालकाचं नुकसान करत जातो, वर गोडपणे विचारतो, “रागावलात का?” शिक्षा बदलून ‘वर्षाचा पगार सोडायचा’ केली तरी गोष्ट उभी राहते. नुकसान वाढत जाणारं हवं, आणि मालकाची तीन “नाही, अजिबात नाही” उत्तरं दर वेळी दात आणखी आवळून.

१६. मूळ सांगणारे ऐकायला कुठे मिळतील?

बीच माउंटनचे रे हिक्स (१९२२–२००३) हे सर्वांत प्रसिद्ध. त्यांच्या चार जॅक-कथांची ध्वनिमुद्रिका १९६३ मध्ये निघाली आणि १९८३ मध्ये त्यांना राष्ट्रीय वारसा फेलोशिप हा लोककलाकारांसाठीचा अमेरिकी सन्मान मिळाला. बोली दाट आहे. पहिल्यांदा अर्धं कळणार नाही, लय ऐका. नॉर्थ कॅरोलायनातल्याच हॉट स्प्रिंग्स गावच्या जेन हिक्स जेन्ट्री यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी इझाबेल गॉर्डन कार्टर यांनी १९२५ मध्ये छापल्या. त्याच जेन्ट्रींनी १९१६ मध्ये लोकगीतं गोळा करणारे इंग्रज सेसिल शार्प यांना कितीतरी गाणी दिली होती. त्यांची मुलगी मॉड लाँग यांचं सांगणं १९४७ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रित झालं. ते सुरुवातीला ऐकायला सगळ्यात सोपं.

टेनेसीतल्या जोन्सबरो गावात १९७३ पासून ऑक्टोबरमध्ये कथाकथनाचा राष्ट्रीय महोत्सव भरतो. शार्लट, अटलांटा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तो गाडीने गाठण्यासारखा आहे.

रिचर्ड चेस यांच्या १९४३ च्या संग्रहामुळे या गोष्टी देशभर पोचल्या. मात्र त्यांनी अनेकांची सांगणी जोडून एकेक गोष्ट केली आणि भाषा आपल्या हाताने फिरवली. सांगायला तो सोयीचा. एखाद्याने नेमकं काय सांगितलं हे हवं असेल तर ध्वनिमुद्रणांकडे वळा.

१७. या डोंगरात फक्त युरोपातून आलेल्यांच्याच गोष्टी आहेत का?

मुळीच नाही. चेरोकी लोक आधीपासून इथले, आणि त्यांच्या गोष्टींतला लबाड म्हणजे ससा. तो फसवतो तितकाच फसतो. कासवाशी लावलेल्या शर्यतीत कासव डोंगरमाथ्यांवर आपल्यासारखीच दिसणारी कासवं बसवून त्याला हरवतं. जेम्स मूनी यांनी नोंदवलेल्या अशा गोष्टी १९०० मध्ये छापल्या गेल्या. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्याही सशा-अस्वलाच्या गोष्टी दक्षिणेत सर्वत्र आहेत. पिकाचा वरचा भाग तुझा, खालचा माझा हा सौदा त्यांत सापडतो. त्यांना जॅकचं नाव चिकटवून एकत्र करू नका.

१८. जॅकचं नाव, डॉलर, राजा यांचं मराठीकरण करू का?

नाव जॅकच ठेवा, स्थळ तिथलंच ठेवा. त्याला जनू करून सह्याद्रीत आणलं की खेचर, मक्याची भाकर, कोर्टाचा बाजार सगळंच उपरं होतं. बोलणं मात्र खुशाल आपल्या घरचं असू द्या: आई जॅकला “मेल्या, गेलास कुठे?” म्हणाली तरी कोणाचं बिघडत नाही. डोंगरातल्या माणसांना अडाणी दाखवणारा हेल काढू नका. तिथल्या लोकांनी ती टिंगल पुष्कळ सोसली आहे, आणि गोष्टीतला सगळ्यात हुशार माणूस डोंगरातलाच आहे.

१९. वर्गात अदलाबदलीचा खेळ घ्यायचा आहे. कसा घेऊ?

वीस-चोवीस मुलं, अर्धा तास. प्रत्येकाने घरून एक छोटी वस्तू आणायची: गोटी, खोडरबर, शंख, बटण. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत वस्तू उघडी. दुसऱ्या फेरीत ‘वर’ देण्यासाठी प्रत्येकाला चिंचेचे तीन चिंचोके. तिसऱ्या फेरीत मूठ बंद, न बघता सौदा. नियम एकच: खोटं बोलायचं नाही, पण सगळं सांगायलाच हवं असंही नाही (प्रश्न ११ मधला घोडा आधी सांगून ठेवा).

खेळ बिघडतो तो आवडती वस्तू आणल्यामुळे. शेवटी सगळं मूळ मालकाकडे परत जाईल हे सुरुवातीलाच जाहीर करा आणि वस्तूंवर नावाची चिठ्ठी चिकटवा. दुसरी अडचण, एक-दोन मुलं सौदाच करत नाहीत. त्यांना पंच करा. बंद मुठी उघडायचा मान त्यांचा.

२०. माझं मराठी रूपांतर छापलं तर हक्कांचा प्रश्न येईल का?

कथानक परंपरेचं आहे, ते कोणाच्या मालकीचं नाही. एखाद्या संग्राहकाने केलेली शब्दरचना, जोडकाम आणि चित्रं मात्र त्याची असतात. म्हणून चेस यांच्या १९४३ च्या संग्रहावरून ओळीला ओळ लावून रूपांतर करू नका. दोन-तीन वेगवेगळी सांगणी ऐकून, पुस्तक बंद ठेवून स्वतः लिहा. १९२५ मध्ये छापलेला कार्टर यांचा मजकूर अमेरिकेत १ जानेवारी २०२१ पासून सर्वांसाठी खुला आहे. अलीकडच्या सांगणाऱ्यांच्या ध्वनिमुद्रणावरून काम करत असाल तर त्यांची किंवा त्यांच्या वारसांची परवानगी घ्या आणि ‘अमुक यांच्याकडून ऐकलेली’ असं गोष्टीखाली नावासकट लिहा.